आज चपला त्यांनी राखल्या

बायांनो, आत्ताच समुद्रावरून खोलीवर आले. केसांत अजून वाळू आहे, पण हे लिहिल्याशिवाय अंघोळ करणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं नवीन लग्न झालेलं. आमचे मालक फौजेतून सुट्टीवर आले आणि ऊस कारखान्याला गेल्यावर सगळं घर उंब्रजहून एस्टीनं ह्याच किनाऱ्यावर आलं. इथं लाट अशी नाहीच. गुडघाभर पाण्यात बारकी पोरंसुद्धा निवांत बसतात. मी पदर खोचला, तर मालक म्हणाले, "नव्या सुनंनं भिजायचं न्हाई. तू चपला राख."

दिवसभर घरादाराच्या चपला राखत उन्हात बसले. हे निथळत आले तेव्हा विचारलं, "पाणी कसं हाय वो?"

"खारट," म्हणाले, आणि भाकरी मागितली.

आज नातवंडांना घेऊन पुन्हा तिथंच गेलो. ह्यांनी लगेच पँट दुमडायला घेतली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आवं, तुमी कुठं निघाला? चपला कोण राखणार?"

पोरं लय हसली. मालक चपलांपाशी वाळूत बसले. मी साडीसकट पाण्यात बसले, ऊन उतरेपर्यंत.

बाहेर आले तर हळूच विचारतात, "पाणी कसं हाय गं?"

"खारट," म्हटलं, आणि परत पाण्यात शिरले.

सून म्हणते, "आई, आता सोडा की." सोडावं का, तुम्हीच सांगा. उद्याही आम्ही इथंच आहोत, आणि माझ्या चपला मी आत्ताच ह्यांच्या उशाशी नेऊन ठेवल्यात.