सुतकातला बहर

तिरल्याजवळच्या आमच्या मळ्यात यांनी सीताफळाची झाडं लावली, तेव्हा सगळं गाव सोयाबीन पेरत होतं. झाडं वाढली हो, पण फळ म्हणाल तर लिंबाएवढं, त्यातही एक गाल बसलेला. मंडीतला व्यापारी आमच्या मुलाला म्हणायचा, "भिया, ये तो टेढ़े हैं, इनको कौन लेगा?"

शेवटी मुलानं सांगून टाकलं, "यंदा फळ धड निघालं नाही तर झाडं काढणार, बाबा. मी पण सोयाबीनच करतो."

बाबा, म्हणजे हे, अर्धं अंग गेल्यापासून खाटेवर. खाट खिडकीशी, डोळे झाडांवर.

उपाय नव्हता असं नाही. सीताफळाचं फूल आधी बाई असतं, मग बाप्या होतं. एकाच फुलात दोघांची गाठ म्हणून पडत नाही. तेव्हा संध्याकाळी पुरतं उमललेलं फूल तोडून कागदावर ठेवायचं आणि सकाळी झडलेली भुकटी ब्रशानं अर्धवट उघडलेल्या फुलांत फिरवायची. आदल्या वर्षी दारातल्या झाडाला मी हे करून पाहिलं, तर फळं कशी, चांगली वाटीसारखी गोल! हे म्हणाले होते, "लग्नं जुळवायचा धंदा बरा काढलास."

पावसाबरोबर भरगच्च बहर आला. सून आणि मी फुलं तोडायला निघणार, तोच देवासहून फोन आला. यांचे चुलतभाऊ गेले.

"सुतकात फूल तोडत नाहीत," हे म्हणाले. जीभ जड, पण शब्द स्वच्छ.

"अहो, देवाला थोडीच वाहायचीत? बहर थांबणार आहे का आपल्यासाठी?"

"भाऊ होता माझा."

मुलानं अगदी हात जोडले. "बाबा, झाडं तुमचीच आहेत. सोच लो." यांनी तोंड भिंतीकडे केलं. सून माझ्याकडे बघत राहिली. मी ब्रश फडताळात ठेवून दिले.

सुतक फिटलं तोवर बहर झडून, मातीत काळा पडला होता. मागून आली ती चुकार फुलं, भुकटी जमवायलाही न पुरणारी. फळं धरली तीही वाकडीच.

दिवाळीनंतर जेसीबी आला. मी खिडकी लावायला गेले तर यांनी मानेनं नको म्हटलं. सगळं बघितलं. शेवटचं झाड आडवं झालं तसं मुलाला आत बोलावलं. मला वाटलं, आता रडतात.

"मुळं नीट काढून घे," म्हणाले. "पेरताना आड येतील."