मांडणी, विहीणबाई आणि माझा नमस्कार

हे बघा, चहा आधी संपवा. नाहीतर हसताना माझ्या सदऱ्यावर उडवाल, आणि या प्रकरणात माझी व्हायची तेवढी शोभा आधीच झालेली आहे!

आमच्या मधुराने वाघोलीत नवा फ्लॅट घेतला. तिथे तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पहिल्यांदाच जेवायला येणार होत्या. लेकीची एकच इच्छा: स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी लागलेली हवी आणि भांडी जागच्या जागी हवीत. सासूबाईंना पसारा खपत नाही.

सकाळी जवळच्या मांजरी गावाहून सुतार आला. त्याने बोटाने भिंत वाजवली, कान लावला, पुन्हा वाजवली. डॉक्टर तरी पेशंटला एवढा वेळ देतो का हो?

"काका, ही भिंत न्हाई, वरून जिप्समचा बोर्ड हाय. मागं पोकळ. आतली लोखंडी पट्टी हुडकायला लागंल, न्हाईतर आत जाऊन छत्रीवानी उघडणारे बोल्ट आणायला लागतील."

"छत्री? का, भिंतीत पाऊस पडतो?" मी म्हणालो. "अहो, तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय मी. तुम्ही मला भार शिकवणार? या आता!"

तो गेला. मधुरा कळवळली. "बाबा, कशाला घालवलंत त्याला? बारा वाजता आई येतील!"

"अकराला मांडणी लागलेली असेल. लिहून घे."

ड्रिल लावलं, आणि काय सांगू, लोण्यात सुरी जावी तसं आत! विटेचा लाल चुरा नाही, घरघर नाही, नुसती पिठासारखी पांढरी भुकटी. मी बायकोकडे बघितलं. "याला म्हणतात हात! आजकालच्या कारागिरांना नुसते भिंतीला कान लावता येतात."

तिने ती भुकटी बोटावर घेऊन माझ्यापुढे धरली. ती असं काही दाखवायला लागली की समजावं, आपलं काहीतरी चुकतंय. पण मी कसला समजतोय!

चार स्क्रू, चार मिनिटं. त्यावर मांडणी, आणि मांडणीत ताटं, वाट्या, पातेली, कुकर, सगळं ठासून भरलं.

बारा वाजता बेल वाजली. दोघी दाराकडे धावल्या, आणि माझ्या मागे 'कर्र' झालं. वळून बघतो तर मांडणी भिंतीपासून दोन बोटं सुटलेली! झटकन पाठ लावली, हात मागे नेऊन खालची कड घट्ट धरली आणि चेहरा हसरा केला.

विहीणबाई आत आल्या. पानं तिथेच, स्वयंपाकघरात वाढली गेली. "बसा ना," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बसा. मी इथेच बरा."

"अहो, असं काय करता? दोन घास तरी घ्या."

"नको म्हटलं ना!" घाम फुटला होता हो, आवाज चढणारच!

त्यांचा चेहरा पडला. खरं सांगावं, तर सुताराला हाकलणारा मी मूर्ख ठरतो. त्यापेक्षा तुसडा ठरलेलं काय वाईट? मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो. लेकीच्या डोळ्यांत पाणी, आणि बापाला पडलीय स्वतःच्या अकलेची! लाज वाटते सांगायला.

शेवटी विहीणबाई पानावरून उठल्या. "कळलं मला. लग्नात मी चारचौघांत तुमच्या मठ्ठ्याला पाणी म्हटलं, ते अजून मनात आहे तुमच्या. चुकलं माझं." आणि त्यांनी चक्क हात जोडले!

मुलाच्या आईने मुलीच्या बापासमोर हात जोडायचे? ऐकलंय का कधी? मी तर विरघळलोच! आणि समोरच्याने नमस्कार केला की आपला नमस्कार व्हायलाच हवा, हे लहानपणापासूनचं वळण. "छे छे, अहो भलतंच काय!" म्हणत मीही हात जोडले.

दोन्ही!

पुढचं नगर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मांडणी, ताटं, कुकर आणि बोर्डाचा भलामोठा तुकडा, सगळं खाली! एक वाटी गरगरत जाऊन विहीणबाईंच्या पायाशी थांबली. भगदाडातून ती लोखंडी पट्टी दिसत होती, माझ्या स्क्रूपासून चार बोटांवर!

मी पांढऱ्या भुकटीने माखलेला, हात अजून जोडलेले. सगळं कबूल करावं लागलं, सुतारासकट.

विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात?"

"नाही हो, मुळीच नाही!"

"मग माझी माफी परत द्या," पानावर बसत त्या म्हणाल्या. "मठ्ठा पाणीच होता."