समोर जाऊन कारण सांगणाऱ्या ताई

डॉ. सुजाता मुनेश्वर यांना मी प्रथम पाहिलं ते एका वरातीत, नवरदेवाला घोडीवरून खाली उतरवताना. बोरी अरबच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो आणि गावचा डॉक्टर म्हणून मला लग्नाचं आमंत्रण होतं. ताई नवरीकडच्या पाहुण्या, उमरखेडहून आलेल्या. बँडवाले रंगात आले होते, आणि ताई जरीच्या साडीत सरळ घोडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. वरबाप तापले, मुहूर्त टळतो म्हणून ओरडू लागले. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या नवरदेवाला म्हणाल्या, "भाऊ, घोडीचा पुढचा डावा पाय दुखून राह्यला. खूर पुरता टेकवत नाही ते. मी जनावराची डॉक्टर आहो, तुमी उतरा." नवरदेवाने वाकून पाहिलं आणि तो उतरला. वरात मांडवापर्यंत पायी गेली. पुढे पंगतीत मी त्यांना विचारलं, वरबापाशी का नाही बोललात? "वर बसला होता नवरदेव," त्या म्हणाल्या, "तं कारण त्यालेच सांगा लागते ना."

याच बाई पुढे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पशुवैद्यक समितीच्या अध्यक्ष झाल्या. हा प्रवास कसा झाला, ते या गौरवग्रंथात इतरांनी सविस्तर लिहिलं आहे. मी फक्त त्यांचं काम काय होतं ते सांगतो, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेकांना ते अजून ठाऊक नाही. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत घोडा दिवसभर टप्प्याटप्प्याने धावतो. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य त्याची नाडी, चाल, अंगातलं पाणी तपासतात. घोडा धड नसेल तर त्याची शर्यत तिथेच संपते. ताईंनी दोन गोष्टी नियमात बसवून घेतल्या. पशुवैद्याचा निर्णय आयोजकांना किंवा पदाधिकाऱ्यांना फिरवता येणार नाही ही एक, आणि घोडा थांबवला तर डॉक्टरने स्वतः स्वारासमोर जाऊन कारण सांगायचं ही दुसरी. पहिल्या नियमामुळे घोडे वाचले. दुसऱ्यामुळे डॉक्टरांना मनमानी करता येईना, म्हणून तो ताईंना स्वतःला जास्त प्रिय होता.

एकदा एका परक्या देशात त्यांनी यजमानांच्याच घराण्यातला घोडा शेवटच्या टप्प्याआधी थांबवला. नाडी खाली येत नव्हती. स्वार चिडला, त्याची माणसं भोवती जमली, आणि ताईंनी त्या गर्दीतून पुढे होऊन त्याला कारण सांगितलं. त्या रात्रीच्या मेजवानीबद्दल मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "जेवण मस्त होतं म्हणतात. मले कोणी बोलावलंच नाही." हसून सांगितलं होतं. घोडा जगला, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

आता त्यांच्या मायेबद्दल. मी केळापूरकडे नोकरीला होतो तेव्हा माझी पत्नी नागपूरच्या दवाखान्यात होती आणि मीही तिच्याजवळ. घरी म्हातारी आई एकटी. ताईंनी रजा काढली, आमच्या घरी येऊन राहिल्या, आईचं सगळं केलं आणि फावल्या वेळात माझ्या दवाखान्यात येणारी गुरंही पाहिली. आमचं घर जुन्या वळणाचं, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नोकरी करणारं. ताईंच्या घरी त्यांच्या आजोबांपासून बुद्धवंदना. पहिल्याच दिवशी आईने त्यांना चहा वेगळ्या कपात दिला. ताईंनी तो घेतला, प्यायल्या आणि शांतपणे विचारलं, "आजी, माहा कप वेगळा काहून?" आईजवळ उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने वेगळा कप काढला नाही, पुन्हा कधीच काढला नाही. ही हकीकत आईनेच मला सांगितली, आणि सांगताना ती रडली. तेव्हापासून आई गेली तोवर दर दिवाळीला तिच्या हातच्या अनारशांचा डबा उमरखेडला जात असे.

संपादकांनी मला कळवलं आहे की लेखात कटू विषय टाळावेत. संपादक माझे स्नेही आहेत, तरी हे मला जमणार नाही. गोड लिहिणाऱ्यांची या ग्रंथात वाण नाही. मी इतर लेख चाळले. जवळपास प्रत्येकात 'निर्भीड' हा शब्द आहे, आणि तो वापरणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्या घोडेस्वारीच्या राष्ट्रीय संघाच्या त्या बैठकीत खाली मान घालून बसले होते.

त्या बैठकीविषयी सांगतो. आंतरराष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद चार वर्षांचं असतं आणि उमेदवाराचं नाव त्याच्या देशाच्या संघाने पाठवावं लागतं. ताईंना पुन्हा उभं राहायचं होतं. परदेशातले संघ पाठिंबा द्यायला तयार होते. आपल्या संघाने त्या बैठकीत त्यांचं नाव पाठवायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या कुणाचं पाठवलं असतं तर निदान वाद घालता आला असता, पण यांनी कुणाचंच पाठवलं नाही. ताईंना साधा फोनही कुणी केला नाही.

फोन आला नाही, संघाचे अध्यक्षमहाशय मात्र स्वतः आले, दोन पदाधिकारी घेऊन, उमरखेडला. मी त्या दिवशी ताईंकडेच होतो. षष्ट्यब्दीनिमित्त यवतमाळला भव्य सत्कार, शाल, मानपत्र, गौरवग्रंथ असं सगळं त्यांनी उत्साहाने सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अध्यक्षसाहेब, माहं नाव काहून नाही पाठवलं?"

"ताई, आता तुम्ही मार्गदर्शकाच्या भूमिकेत यावं, अशी सर्वांची भावना आहे."

"हे भावना झाली. कारण सांगा. मी घोडा थांबवला तं स्वाराले तोंडावर सांगते. मले तुमी थांबवलं. माही नाडी चुकली का चाल चुकली?"

"तसं काहीच नाही हो, ताई."

"मंग थांबवलं कायले?"

अध्यक्षांनी चहाचं कौतुक केलं. सत्काराची तारीख सांगितली आणि निघाले. ती तारीख नावं पाठवण्याच्या मुदतीनंतरची आहे, म्हणजे तोवर ताईंनी वाद घालू नये अशी सोय आहे, हे त्यांची गाडी वळल्यावर माझ्या लक्षात आलं. ताईंच्या ते आधीच आलं होतं. "शाल उबदार असन बहुतेक," एवढंच त्या म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा थकलेलं पाहिलं, आणि मला भयंकर राग आला. तो अजून उतरलेला नाही.

मान्यवरहो, माझ्या आईजवळ उत्तर नव्हतं तेव्हा तिने वागणं बदललं. तुमच्याजवळ उत्तर नव्हतं तेव्हा तुम्ही शाल आणली.

यात नुकसान ताईंचं झालं असं समजू नका. त्यांचा दवाखाना चालू आहे, सकाळी दारात बकऱ्या घेऊन बायका बसलेल्या असतात. नुकसान दुसरीकडे आहे. महासंघाच्या येत्या सभेपुढे एक दुरुस्ती आली आहे: पशुवैद्याने घोडा थांबवला तरी आयोजकांची समिती त्याला पुढे सोडू शकेल. ताई अध्यक्षपदी असत्या तर ती सभेपर्यंत पोचलीच नसती. ती आता मंजूर होईल, आपला संघही हात वर करेल, आणि तुमच्यापैकी काही जण परतीच्या विमानात तिचं समर्थन तयार करतील.

अशा ग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मीही चिंततो, मनापासून, आणि त्याचं कारणही सांगतो. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या, कुठल्या तरी परक्या मुलखातल्या वाळूत, पुढे सोडलेला एखादा घोडा कोसळेल. त्याची नाडी कुणाला सापडणार नाही. स्वार रडत असेल, आयोजक एकमेकांकडे बघत असतील, आणि तुमच्यातलंच कोणी तरी घाईघाईने उमरखेडला फोन लावेल. ताई तो उचलतील. तुम्ही त्यांच्याशी कसे वागलात तो विषय न काढता विचारतील, "घोडा श्वास घेऊन राह्यला का?" तो फोन उचलायला त्या असाव्यात, धडधाकट असाव्यात, एवढंच मागणं आहे.