शेपूट न दाबता

माझा दादा नदीवर राखणदार होता, आणि माणसांशी त्याचं कधी फारसं जमलं नाही. लोक त्याला पाठीमागे ‘फुटपट्टी’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पुलाजवळ माझं गळ-दोऱ्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्या नावाच्या शिव्या आधी माझ्या कानांवर यायच्या. मी म्हणायची, “घाला अजून, कमी पडल्या तर माझ्याकडच्या देते.”

त्याचं काम साधं, पण डोकं उठवणारं. मासे अंडी घालतात ते महिने नदी मासेमारीला बंद. हंगाम उघडला की ज्याला मासा मिळेल त्याचा मासा ओल्या फळीवर ठेवून मोजायचा. फळीवर दोन रेषा. हिरव्या रेषेपर्यंत न पोचणारं पिल्लू सोडायचं. लाल रेषेला टेकणारी थोरली मादीही सोडायची, कारण पुढची अर्धी नदी तिच्याच पोटात असते. मधला मासा खुशाल घरी न्या. आता शेपटीची दोन टोकं चिमटीत दाबली की मासा बोटभर लांब होतो, आणि पिल्लूसुद्धा हिरवी रेषा गाठतं. ही चलाखी सगळ्यांनाच ठाऊक. दादा खेकसायचा, “शेपूट सोडा आधी! मासा आहे तेवढाच आहे, दाबून वाढत नाही!”

वहिनी गेली आणि त्याच्या चौकीत बोलणारं कुणी उरलं नाही. दोन खोल्या, एक खुर्ची, भिंतीला टांगलेले गमबूट. ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवायचा. “माझ्याकडे ये राहायला,” असं किती वेळा म्हटलं! तर म्हणे, “तुझ्या बडबडीने मासे पळतील.” माझ्या घरात कुठले आले मासे? पण हट्टी माणसापुढे काय बोलणार, पालथ्या घड्यावर पाणी.

नदी बंद होती तेव्हाची गोष्ट. मी संध्याकाळी डबा घेऊन गेले, तर खोलीत रेडिओ एकटाच बोलत होता. दादा खाली नदीच्या पायरीवर पावाचे तुकडे मोडत बसलेला. पाण्यातून एक मोठी मासोळी वर आली आणि चक्क त्याच्या बोटांमधून तुकडा घेऊन गेली.

“म्हातारी आली बघ,” तो मला म्हणाला, आणि मग तिच्याशीच बोलायला लागला. कंबर दुखते, नळ गळतो, साहेब फोन उचलत नाही. वहिनी गेल्यापासून इतकं बोलताना मी त्याला ऐकलंच नव्हतं. मला हसू आलं.

“अरे दादा,” मी म्हटलं, “माणसाची सावली दिसली की मासा पळायला हवा. ही तर जवळ येते. हंगाम उघडला की काय होईल हिचं?”

“मला ओळखते ती. दुसऱ्याकडे कशाला जाईल?”

जन्म नदीवर गेला याचा, आणि चूक केली ती ही! पण वाद कोण घालणार? डबा ठेवून मी निघून आले.

हंगाम उघडला त्या सकाळी काठावर ही गर्दी. मीही टेबल मांडून गळ विकत होते. दाताचे डॉक्टर नेमके त्याच पायरीवर उभे राहिले. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गळ पाण्यात पडतो न पडतो तोच ओरडले, “साहेब, या या! ही तर स्वतःच चालत आली!”

गळाला लागलेला मासा त्यांनी हातजाळीत उचलला, तर जाळीत म्हातारी होती. कल्ल्यामागचा पांढरा डाग मीसुद्धा ओळखला. दादाचा चेहरा उतरला. त्याने हात ओले केले, फळी ओली केली, तिला आडवी ठेवली. लाल रेषेला बोटभर कमी. म्हणजे डॉक्टरांची झाली.

आणि मग माझ्या भावाची दोन बोटं हळूच तिच्या शेपटीकडे गेली, आणि त्याने चिमूट दाबली.

“थोरली आहे. सोडा.”

डॉक्टर वाकून बघत होते. रागावले नाहीत, हसले. “साहेब, शेपूट सोडा की. तुम्हीच शिकवलंत ना?”

सगळा काठ खो खो हसला. फुटपट्टीच वाकडी निघाली म्हणे! दादाने बोटं काढली. मान वर न करता म्हणाला, “बरोबर आहे. तुमचीच आहे. पण सोडा हो तिला, डॉक्टर. मला दुसरं कुणी नाही.”

हसणं थांबलं. मी त्याची सख्खी बहीण, चार हातांवर उभी होते. लागलं मला. खोटं कशाला बोलू? खूप लागलं.

“अहो, मग सोडू की, त्यात काय एवढं,” डॉक्टर ओशाळून म्हणाले. त्यांनी गळ अलगद काढला आणि तिला पाण्यात सोडलं.

मला वाटलं, सुटली बिचारी. दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच पाव घेऊन चौकीवर गेले. दादा पायरीवरच होता, हातात लांब बांबू. म्हातारी नेहमीसारखी वर आली, आणि त्याने सगळा जोर लावून बांबू पाण्यावर आपटला. ती गेली, परत आली. त्याने पुन्हा आपटला, वर खडे मारले. “चल, नीघ! येऊ नकोस माझ्याकडे!” ओरडताना त्याचा आवाज फाटत होता.

असं रोज चाललं. मी काठावर गप्प बसायची, मी! मग एका संध्याकाळी तो बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला, आणि कुणीच वर आलं नाही.

“शिकली,” दादा म्हणाला. बांबू खाली ठेवला, पायरीवर बसला आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला.