वर्दीनंतरची विजू

मधल्या सुट्टीत मुलांना खिचडी वाढत होते, तेव्हा बीडच्या दवाखान्यातून ह्यांचा फोन आला. "विजू गेली गं," एवढंच बोलले. तिच्या किडन्या थकल्या होत्या, डायलिसिस चालू होतं. तरी वाटत होतं, याही खेपेला ती घरी येईल… महिना उलटला त्याला. विजू माझी धाकटी नणंद. नांदूरघाटला शेवटची काही वर्षं ती आमच्याकडेच राहिली आणि नणंदेपेक्षा मैत्रीणच जास्त झाली.

ती फौजदार होती. ऐन नोकरीत तिचं वजन झपाट्याने उतरलं, घशाला सारखी कोरड पडू लागली, आणि टाइप वन मधुमेह निघाला. म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. प्रत्येक जेवणाआधी ते टोचून घ्यायचं आणि टोचलं की वेळेवर खायचं. पोलिसाच्या नोकरीत कसली आलीय वेळ? तरी तिने पुष्कळ रेटलं. एका मिरवणुकीच्या बंदोबस्तात तिची साखर उतरली, पाय लटपटले, जीभ जड झाली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्याडम पिऊन आल्यात बे!" ते तिला फार लागलं. साहेबांनी टेबलाचं काम देऊ केलं, ते तिला नको होतं. राजीनामा देऊन ती घरी आली. नंतर कितीतरी दिवस नुसती खोलीत बसून असायची. "नोकरी सोडली कावून?" असं कुणी विचारलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. इन्सुलिनही ती दार लावून घ्यायची.

मग एका सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या मुली दारावरून पळत चालल्या होत्या. विजूला ते पळणं बघवेना. "आगं, टाचेवर कावून पडतीस? गुडघे जातील!" असं ओरडत ती चपलेवरच त्यांच्यामागे गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानावर तिची शिट्टी वाजू लागली. मध्येच थांबून बोटाला सुई टोचायची, साखर बघायची, ओढणीच्या टोकाला बांधलेला गुळाचा खडा तोंडात टाकायची, की पुन्हा शिट्टी! लपवण्यासारखं काही उरलंच नाही. पुढे लग्नाच्या पंगतीतही ती बसल्या जागी टोचून घेऊ लागली.

"आगं, लोकं बघत्यात की," शेजारची म्हातारी कुजबुजली.

"बघू द्या मावशी. तुमी जेवायच्या आधी हात धुता, आमचं ह्ये आसतंय."

त्या पंगतीतून एक बाई मागोमाग आमच्या घरी आली. ऊसतोडीला जाणारं कुटुंब तिचं. "माझ्या कोमललाबी हेच हाय," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं न्हाई… लगीन कसं व्हायचं तिचं? आता तोडीला निघालो. पालावर औषध थंड कुठं ठिवू? कधीमधी चुकतंय टोचायचं."

"चुकवाल तर पोरगी जाईल!" विजूचा आवाज चढला. बाई रडायला लागली तशी विजू तिच्याजवळ भुईवर बसली. "तिला हितं ठिवा. तुमी येईस्तोवर ती माझी."

मला विचारलंसुद्धा नाही! कोमल आली, आणि मग दर हंगामाला येतच राहिली. दोघी आपापली साखर तपासायच्या, कुणाची चांगली यावर पैजा लावायच्या. हरेल तिने भांडी घासायची. बहुतेकदा विजूच घासायची, आणि काय हसायची तेव्हा… दवाखान्यात शेवटी मी भेटले तेव्हाही तिने विचारलं, "वैनी, कोमल टोचायचं चुकवीत न्हाई ना?"

कोमल आता कॉलेजला जाते, आमच्याकडेच राहते.

इन्सुलिन घेतल्यावर विजूला जेवायला थोडं थांबावं लागायचं. ती एकटीच ताटावर थांबलेली बरी दिसेना, म्हणून आम्ही सगळेच थांबायला लागलो. ताटं वाढलेली आणि गप्पा चाललेल्या… चोरांचे किती किस्से सांगायची ती! परवा कोमलने टोचून घेतलं, आणि ह्यांनी विसरून घास उचलला.

"काका, थांबा की," कोमल म्हणाली.

ह्यांनी घास ताटात ठेवला. मग कोमलने कॉलेजातलं काहीतरी सांगायला सुरुवात केली. भाकरी निवत होती. कुणालाच घाई नव्हती.