कौसाची किटली

भांड्याच्या दुकानात गेली की कौसा आधी बांगड्या कोपराकडं सारायची आणि खांद्यापर्यंत हात भांड्यात घालायची. बुडाला चार बोटं टेकली तरच भाव विचारायची. दुकानदार हसायचे, मला लाज वाटायची. कौसा माझी बायको. चाळीसेक वर्षं तिच्यामागं पिशवी धरून असा उभा राहिलो. मागच्या थंडीत ती गेली.

आमच्या घनसावंगीकडच्या गावात कुरडयांचे गहू भिजवायचे म्हटलं की सगळी आळी तिला विचारायची. गहू तीन दिवस पाण्यात आंबतात, मग त्यांचा चीक काढतात. भांडं चुकलं की सगळं नासतं. शेजारच्या नव्या सुनेनं एकदा बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात गहू भिजवले. कौसानं नुसतं झाकण उचललं आणि म्हणाली, "फेक जल्दी. सासू वरडंल तर माझं नाव सांग. हे खाऊन सासूच राह्यली न्हाई तर कोणाला सांगशील?" बोलणं असं. गोड बोलायला तिला जमलं नाही, मलाही नाही.

आमचा एकुलता लेक सुनील पुण्याला कंपनीत आहे. त्याला घरीच बियर करायचा नाद लागला. मोड आलेले जव उकळायचे, त्या पाण्यात खमीर घालायचं आणि पंधरा दिवस आंबू द्यायचं. माझा थोरला भाऊ दारूनं मेला. दवाखान्यात मीच उचलून नेला होता त्याला. म्हणून मी फोनवर सरळ सांगितलं, "दारू ती दारू. फेस आला म्हणून तिचं ताक होत न्हाई. असले धंदे करायचे तर माझ्या घरात पाय ठेवू नको."

त्यानं ठेवला नाही. दिवाळी गेली, पाडवा गेला. आईला मात्र रोज फोन करायचा. एके दुपारी मी बाजेवर पडलो होतो आणि फोनचा आवाज मोठा होता.

"माय, दोन येळेस आंबट झाली. ओतून दिली."

"कशात घालून राह्यलास?"

"काचेची मोठी बुधली हाय. अरुंद तोंडाची."

"हात जातो का आत?"

"न्हाई. ब्रश जातो."

"ब्रशाला काय कळतं रे? बुळबुळीत कुठं राह्यलं ते बोटाला कळतं."

"मंग प्लास्टिकची बादली घेऊ?"

"घासशील तेवढे चरे पडतील, आन् चऱ्यात घाण बसंल."

"तुझी लोणच्याची बरणी दे मंग."

"तिचा तेलाचा वास माझ्यासंगंच जाईल. थांब, मी बघते."

मी बाजेवरूनच ओरडलो, "दारूला भांडं निवडती, लाज वाटत न्हाई?"

"मी पिणार न्हाई, तुम्ही पिणार न्हाई. पण लेकरू पिणार हाय. नासलेलं जाऊ द्यू का त्याच्या पोटात?"

तेव्हा तिला चार पावलांवर धाप लागत होती. जालन्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हृदय थकलंय, लांबचा प्रवास बिलकुल नको. दवाखान्यातून निघालो तर बाई म्हणे, आधी भांड्याच्या दुकानात चला. तिथं तिनं दुधाच्या स्टीलच्या किटल्या उतरवायला लावल्या. चार किटल्यांत हात घातला. कुठं आतला सांधा खडबडीत, कुठं कड वळलेली. पाचवी पटली. दुकानदारानं विचारलं, "मावशी, म्हशी किती हायत?"

"म्हशी न्हाईत. लेकाला बियर करायचीय."

मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आत सगळे हसत होते, सगळ्यात मोठ्यानं ती.

घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही घेऊन जा पुण्याला."

"कुरियरनं धाड."

"कुरियरवाला त्याच्याशी बोलणार हाय का? ऐका, मी गेल्यावर तुमच्या दोघांत बोलणारं कोणी राहणार न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत बोला. लेकानं केलेल्याचा बापानं एक घोट घेतला, एवढं ऐकलं की मी मोकळी."

"घोट घेत नसतो मी," मी म्हणालो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी किटली मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

सुनीलनं दार उघडलं. मी म्हणालो, "आईनं दिलीय. वर वीतभर जागा सोड, फेस चढतो. झाकण घट्ट लावू नको, फुटंल." वर्षानं भेटलेल्या लेकाशी एवढंच बोललो. त्यानं किटली मोरीत नेली. तो धूत होता, मी पाणी ओतत होतो. दुसऱ्या दिवशी परत आलो. कौसानं विचारलं, "बोलले का?"

"किटली धुतली."

"बरं," म्हणाली.

थंडीत ती अंथरुणाला खिळली तसा सुनील रजा काढून आला. बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. दुपारी ती झोपलेली असताना आम्ही दोघं गोठ्यामागं गेलो. स्टीलच्या पेल्यात त्यानं चार बोटं ओतली. भाऊ डोळ्यांपुढं आला. पेला खाली ठेवावा वाटलं. पण लेक माझ्या तोंडाकडं बघत होता, शाळेचा निकाल दाखवताना बघायचा तसा. मी घोट घेतला. कडू होती.

"कशी झाली, अण्णा?"

"नासली न्हाई," मी म्हणालो. तो रडायलाच लागला. मला काय करावं कळेना, म्हणून मी उरलेलीही पिऊन टाकली.

आत आलो तर कौसा जागी होती. हळूच म्हणाली, "घेतला का घोट?"

कबूल करायची सवय नाही मला. जन्मभर तिच्यापुढं एकदाही म्हणालो नव्हतो की तुझं खरं होतं. तोंडातून निघून गेलं, "मी? दारूला तोंड लावीन का मी?"

तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. मग भिंतीकडं तोंड करून कूस बदलली. मनात म्हटलं, उद्या सांगू. पहाटे ती गेली.