आठव्या रिळातला चहा

“साब, गिलासां खतम!” म्हणत युसुफभाई माझ्या ऑफिसात शिरले, तेव्हा इंटरव्हल संपत आला होता आणि बाहेर चहाची रांग मात्र तशीच उभी होती.

युसुफभाई आमच्या थिएटरचे कॅन्टीनवाले. एरवी अतिशय शांत माणूस. थिएटरला आग लागली असती तरी त्यांनी आधी चहाखालचा स्टोव्ह बंद केला असता आणि मग सावकाश बाहेर पडले असते.

“फुटले का?” मी विचारलं.

“फुटते तो समझ में आता था. मरदां अंदर लेके जा रे साब. अपनी अपनी बीवियां के वास्ते!”

हे ऐकून मीही उठून उभा राहिलो.

मी हैदराबादच्या काचीगुड्यातल्या एका थिएटरचा मॅनेजर होतो. आता तिथे शॉपिंग कॉम्प्लेक्स आहे, त्यामुळे नाव सांगून काही उपयोग नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उगवत होते, गच्च्यांवर डिश अँटेना आल्या होत्या आणि केबलवाल्यांनी आमच्या पोटावर पाय दिला होता. मॅटिनीला बाल्कनीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त. अशात हा सिनेमा लागला आणि बाहेर हाऊसफुलची पाटी शोधायची वेळ आली. ती कुठे ठेवली होती हेच कुणाला आठवेना.

आमच्याकडच्या इंटरव्हलचा एक रिवाज होता. दिवे लागले की पुरुष बाहेर. चहा, सिगारेट, गप्पा. बायका मुलांना सांभाळत जागेवर. फार तर मुलांसाठी समोसा आत जायचा. बायकोलाही चहा हवा असेल, हा विचार कुणाला शिवत नसे. मलाही कधी शिवला नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू?

मग या सिनेमाने असं काय केलं होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. मोठं एकत्र कुटुंब, त्यात नवी सून. ती पहाटे उठून सगळ्या घराला चहा देते, सासऱ्यांपासून धाकट्या दिरापर्यंत. तिचा स्वतःचा कप ओट्यावर गार होत राहतो. रोज. इंटरव्हलच्या जरा आधी हिरो एका सकाळी स्वयंपाकघरात येतो. तो गार चहा पातेल्यात ओततो, गरम करतो, तिच्या हातात देतो आणि उंबरठ्यावर बसून राहतो. ती पिऊन होईपर्यंत कुणाला आत येऊ देत नाही. गाणं नाही, डायलॉग नाही. ती पिते, तो बघतो, बस. दिवे लागतात.

मी धंद्याने सिनेमावाला, म्हणून सिनेमातल्या प्रेमावर माझा काडीचा विश्वास नव्हता. हलवाई कुठे जिलबी खातो? पण त्या दिवशी मी दार ढकलून आत पाहिलं. आडदांड माणसं, पहिलवानासारखी, दोन बोटांत गरम काचेचा गिलास धरून, “सरको भई, जरा सरको” करत अंधुक रांगांतून चालली होती. बायका लाजून इकडेतिकडे बघत होत्या. एक म्हातारी नवऱ्याला दटावत होती, “नक्को जी, लोगां देख रे.” पण गिलास काही तिने परत दिला नाही. मला बरं वाटलं. का वाटलं ते तेव्हा कळलं नाही.

सेठना मात्र बरं वाटलं नाही. सेठ म्हणजे थिएटरचे मालक. चहाच्या येरझाऱ्यांमुळे इंटरव्हल लांबत होता. पहिल्या शोचा उशीर दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. शेवटच्या शोवाल्यांच्या बस चुकायला लागल्या, तशी त्यांनी बुकिंगच्या खिडकीवर बोंबाबोंब केली.

“कदम, वो चाय का सीन काट दो,” सेठ म्हणाले.

“सेठ, लोक तोच बघायला येतात.”

“गाने देखने आते लोगां. चाय तो घर में भी मिलती. मंडे से काट दो.”

सीन कापणं तेव्हा सर्रास चालायचं. ऑपरेटर ब्लेडने फिल्म कापायचा, दोन टोकं चिकटवायचा आणि कापलेली पट्टी डब्यात जपून ठेवायचा. प्रिंट परत पाठवताना ती पुन्हा जोडायची. मी निरोप द्यायला वर मशिनरूममध्ये गेलो.

आमचा ऑपरेटर माणिकराव. मूळचा बिदरकडचा, मराठी माणूस, माझ्याच वयाचा. कामात एकदम चोख. मी निरोप सांगितला. त्याने कानामागची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली.

“सोमवारपासून ना? म्हणजे रविवारपर्यंत हाय.”

“रविवारी काय आहे?”

“कायी नाय.” मग मशिनकडे बघत म्हणाला, “इंदूला दाखवायचा होता साहेब.”

इंदूवहिनी, म्हणजे त्याची बायको, बिदरजवळ भालकीला भावाकडे जाऊन राहिल्या होत्या. भांडण नव्हतं. भांडायला माणूस घरी तर असायला हवा! माणिकराव सकाळी बाहेर पडायचा तो शेवटचा शो आटोपून परतायचा. अंबरपेठेतल्या त्या दोन खोल्यांत लेक होती तोवर निभावलं. लेकीचं लग्न झालं, आणि पावसाळ्यानंतर वहिनींनी पिशवी भरली.

“फोन करत नाहीस का?” मी विचारलं.

“करतो की. तिच्या भावाच्या दुकानात.”

“मग काय बोलता?”

“गहू दळून आणू का, म्हणून विचारतो.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

“मला बोलता येत नाय साहेब,” तो म्हणाला. “हा सिनेमातला पण बोलत नाय. पण समजतं. तिनं एकदा बघितला असता तर...” तो मशिन पुसायला लागला.

हा माणूस स्वतः बोलवणार नाही हे उघड होतं. मी खाली उतरलो, समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो आणि भालकीला फोन लावला. भावाने वहिनींना घरातून बोलावून आणलं.

“वहिनी, रविवारी सिनेमाला या. मॅटिनीला.”

“सिनेमाला?” त्या हसल्या. “आवो भाऊ, आमच्या माणसानं अख्ख्या हैद्राबादेला सिनेमा दाखवला. मला एकदाच दाखवला, लग्न झाल्यावर. मी खाली एकली आन् हे वर मशिनीपाशी. बाजूच्या खुर्चीवर माझी पिशवी.”



“घरी तरी दुसरं काय होतं?” त्याच पुढे म्हणाल्या. “ह्यांचं जेवण मी झाकून ठेवायचं, ह्यांनी आल्यावर गार खायाचं. एवढंच करायचं तर भालकीत काय वाईट आहे?”

“या वेळी चहाही आहे,” मी म्हणालो. मॅनेजर माणूस, याहून मोठं आमिष सुचलं नाही.

“येते. पण सांगून ठेवते, संध्याकाळच्या बसनं परत जाणार.”

रविवारी त्या आल्या. स्वच्छ निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी बाल्कनीतली पायऱ्यांलगतची दुसरी खुर्ची त्यांना दिली आणि कडेची मोकळी ठेवली. त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिच्यावर पिशवी ठेवली.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं. तेव्हा सिनेमा पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, दहाएक मिनिटांचं. मशिनं दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशिन चालू करायचं. त्याला चेंजओव्हर म्हणतात. लोकांना काही कळत नाही, त्यांना सिनेमा अखंड दिसतो. त्यामुळे ऑपरेटर भिंतीतल्या झरोक्यातून जन्मभर पडद्याचा उजवा कोपरा बघतो. हिरॉईन रडली काय, हसली काय, त्याचं लक्ष ठिपक्यावर.

आणि इंटरव्हल ही त्याची सगळ्यात घाईची वेळ. संपलेलं रीळ उलटं गुंडाळायचं, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलायच्या, पुढची रिळं चढवायची. अख्ख्या थिएटरात बायकोला चहा नेऊ न शकणारा नवरा एकच होता, आणि तो वर होता.

मी माझ्या उमेदीत ऑपरेटर होतो. लायसन्स होतं. आठवं रीळ संपून दिवे लागायच्या सुमारास वर गेलो.

“माणिक, तू खाली जा. पुढचं मी चढवतो.”

“साहेब, तुमचा हात सुटला असेल...”

“जा म्हणतो ना! युसुफभाईंनी गिलास बाजूला ठेवलाय.”

त्याने घाईघाईत रीळ गुंडाळलं, कांड्या बदलल्या, हात पुसले. दारातून परत वळून म्हणाला, “नववं स्टुलावर हाय.”

माणिकरावची ती पद्धतच होती. पुढचं रीळ डब्यातून काढून मशिनच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर. कधी चूक नाही. मी स्टुलावरचं रीळ उचललं, दातेरी चाकांतून फिल्म ओवली आणि झरोक्यातून खाली पाहिलं.

माणिकराव वहिनींपाशी पायरीवर उभा होता. खाकी शर्ट, बोटं कार्बनने काळी. गिलास पुढे केलेला. वहिनींनी तो घेतला. पण त्याने तोंड उघडलं नाही आणि त्यांनीही नाही. बाजूच्या खुर्चीवर पिशवी तशीच. मेल्या, काहीतरी बोल, मी वरून मनात म्हणत होतो. घंटा झाली. त्याने जिन्याकडे पाहिलं. त्याची वर यायची वेळ झाली होती. मी दिवे घालवले आणि मशिन चालू केलं.

पडद्यावर पहाटेचं स्वयंपाकघर आलं. सून चहा गाळत होती.

हे आठवंच रीळ होतं. जन्मात न चुकलेल्या माणिकरावने लक्ष खाली असल्यामुळे गुंडाळलेलं आठवंच स्टुलावर ठेवलं होतं, आणि मी नंबर न बघता चढवलं होतं.

पुढून शिट्ट्या सुरू झाल्या. अंधारात एकच माणूस गर्रकन वळून माझ्या झरोक्याकडे बघत होता. माणिकराव जिन्याकडे धावणार तोच वहिनींनी त्याची बाही धरली. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. तो पिशवी मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसला.

माझा हात स्विचवर होता. तेवढ्यात दार उघडून सेठ धापा टाकत आत आले. इंटरव्हल किती लांबतो ते बघायला ते त्या दिवशी मुद्दाम आले होते.

“कदम, ये क्या चल रा? येच तो देखे ना अब्बी?”

“बंद करतो सेठ. चुकीचं रीळ...”

खाली शिट्ट्या थांबल्या होत्या. बाल्कनीतून एका बाईचा तेलुगू आवाज आला, “उंडनी, उंडनी!” म्हणजे, असू द्या. मागोमाग कुणीतरी ओरडलं, “चलने दो भई!” आणि सगळं थिएटर गप्प झालं. सेठ दुसऱ्या झरोक्यापाशी गेले. हिरो चहा गरम करत होता. सेठ वाकून बघत राहिले.

“पूरा होने दो,” ते शेवटी म्हणाले. “आदे में बंद किये तो कुर्सियां फाड़ते लोगां.” पण हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं.

हिरो उंबरठ्यावर बसला. मी माणिकरावकडे पाहिलं. तो कोपऱ्यातला ठिपका बघत नव्हता. अख्खा पडदा बघत होता. शेजारी वहिनी तोच गरम चहा घोटघोट पीत होत्या, आणि त्याने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. गिलास रिकामा होईपर्यंत तो तसाच बघत राहिला. माझे डोळे भरून आले. मशिनरूममध्ये कार्बनचा धूर असतो, पण तो धूर नव्हता.

ठिपका मीच पाहिला. त्याआधी नववं रीळ, डब्यावरचा नंबर मोठ्याने वाचून, दुसऱ्या मशिनवर मीच चढवलं होतं.

शो सुटल्यावर वहिनी रिकामा गिलास घेऊन वर आल्या. मागे माणिकराव, पिशवी त्याच्याच हातात.

“वहिनी, बस गाठायची ना?” मी विचारलं.

“बस रोजच असते.” त्यांनी गिलास स्टुलावर ठेवला. “भाऊ, ह्यांचा शेवटचा शो दुसऱ्या कुणाला देता येईल का? मला रात्री गरम वाढायचंय.”

दुसरा कुणी लायसन्सवाला मिळेपर्यंत तो शेवटचा शो माझ्याच गळ्यात पडला. सेठनी सीन कापण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. रविवारी इंटरव्हल लांबूनही कुणी तक्रार केली नाही, असं कारण त्यांनी दिलं. त्याऐवजी जाहिरातीच्या स्लाइड कमी केल्या. युसुफभाईंनी नवे गिलास आणले, ते स्टीलचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको पोळ्या लाटत होती. तिचा चहा ओट्यावर साय धरून बसला होता. मी तो गरम करून तिच्यासमोर ठेवला आणि उंबरठ्यावर बसलो. तिने लाटणं थांबवलं.

“काय मोडलंत?” ती म्हणाली.

पण चहा तिने गरम असतानाच प्यायला.

माझ्या हाताखाली पुढे जे ऑपरेटर आले त्यांना मी एकच धडा शिकवला. रीळ चढवण्याआधी नंबर वाचा, स्टुलावर विश्वास ठेवू नका. धडा बरोबरच आहे. फक्त त्या रविवारी मी स्वतः तो पाळला नाही, हे फार बरं झालं.